शिंतारो उदा : छतावरील अँटेनामागचे अनुल्लेखित नाव

बंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर मार्गावरील बोम्मसंद्रासारख्या वसाहतीत घरी सिटिझन्स बँड, अर्थात सीबी रेडिओ बसवू इच्छिणाऱ्यास संचापेक्षा अधिक विचार अँटेनाचा करावा लागतो. माफक खर्चात दूरचा पल्ला हवा असल्यास 'यागी' अँटेनाचे नाव हटकून पुढे येते. या रचनेचे बहुतांश प्रयोग ज्यांनी केले, त्या शिंतारो उदा यांचे नाव मात्र दुकानदारालाही बहुधा ठाऊक नसते.

उदा यांचा जन्म ८ जून १८९६ रोजी जपानच्या तोयामा प्रांतात झाला. सेंदाई येथील तोहोकू शाही विद्यापीठातून १९२४ मध्ये पदवी घेऊन ते तेथेच प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांचे सहायक झाले. केवळ एका दांडीला विद्युतजोडणी द्यावी, तिच्यामागे किंचित लांब व पुढे किंचित आखूड दांड्या कशालाही न जोडता उभ्या कराव्यात, की लहरी एका दिशेस एकवटतात, हे त्यांनी लांबी व अंतरे बदलत, असंख्य मोजमापे घेत सिद्ध केले. या अँटेनाचा स्वस्तपणा यातच आहे. बाकीच्या दांड्या म्हणजे निव्वळ धातूच्या नळ्या.

सीबीसाठी मात्र हा स्वस्तपणा फसवा ठरू शकतो. भारतात २००५ च्या नियमांनुसार २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॅटपर्यंतचा संच विनापरवाना वापरता येतो. येथे लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असल्याने यागीची प्रत्येक दांडी साधारण साडेपाच मीटरची होते. तिला भक्कम खांब हवा, शिवाय दिशा फिरविण्याची सोय हवी. संवाद एकाच ठरावीक ठिकाणाशी असेल तरच हा खटाटोप सार्थकी लागतो. चहूबाजूंच्या मंडळींशी बोलायचे असल्यास सुमारे पावणेतीन मीटरची उभी दांडी आणि तिच्या तळाशी तेवढ्याच लांबीच्या तीन-चार तारा पुरेशा होतात.

उदा व यागी यांचा संयुक्त निबंध १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९२८ मध्ये यागी यांनी अमेरिकेत इंग्रजी निबंध प्रसिद्ध केला. त्यात उदा यांच्या कार्याचा उल्लेख होता, तरीही जगाने नाव उचलले ते यागींचेच. खुद्द जपानी सैन्याला तर तेही ठाऊक नव्हते. १९४२ मध्ये सिंगापूर जिंकल्यावर हाती लागलेल्या ब्रिटिश रडारविषयक टिपणातील 'यागी' हा शब्द अधिकाऱ्यांना उलगडेना; ते त्यांच्याच देशबांधवाचे नाव असल्याचे एका युद्धकैद्याकडून कळले!

उदा यांचा भारताशीही संबंध आला. १९५५ ते १९५८ या काळात ते नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत युनेस्कोतर्फे कार्यरत होते. त्यानंतर २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि त्यांच्या दांड्या मराठी घरांच्या छतांवर पोहोचल्या. पडद्यावर मुंग्या दिसू लागल्या की गच्चीवर जाऊन ज्या दांड्या फिरविल्या जात, त्या याच.

यागी यांचे जानेवारी १९७६ मध्ये, तर उदा यांचे त्याच वर्षी १८ ऑगस्ट रोजी निधन झाले. १९९५ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तोहोकू विद्यापीठातील या संशोधनाचा गौरव केला. तेथील फलकावर दोघांचीही नावे आहेत. यागी यांचे प्राध्यापक म्हणून, उदा यांचे सहायक म्हणून.