गहाण पडलेले घर आणि कांस्यपदक

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात लहानपणी आम्ही पोरे भातकापणी झालेल्या शेतात कुस्ती खेळत असू. जिंकेल त्याला आजोबा खाशाबा म्हणून हाक मारत. मला ती हाक दोनदाच मिळाली. हे खाशाबा कोण, हे मात्र पुष्कळ उशिरा कळले.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे तालमीची माती घरातच होती. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकताना १९४८ साली लंडन ऑलिंपिकला जायची संधी आली. लाल मातीत घडलेला हा गडी तिथे मॅटवर उतरला आणि तरीही सहावा आला.

चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे ठरले, पण पैसे कुठून आणायचे? गावकऱ्यांनी वर्गणी काढली. ती पुरेना, तेव्हा प्राचार्य खर्डीकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! आज हे सांगितले तर पोरांना खरे वाटत नाही.

५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. इशी मूळचा ज्युदोपटू, अंगाने चिवट. पाव तासाच्या झुंजीनंतर कौल त्याच्या बाजूने गेला. खाशाबांचा घाम वाळायच्या आतच त्यांना सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण मिळाले, त्या वर्षीचे जपानचे एकमेव. खाशाबांना कांस्य, तेही स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले. चूक नियमाची नव्हती, माणूस नसण्याची होती, आणि मला ती अजून बोचते.

कऱ्हाड स्टेशनवर शंभराहून अधिक बैलगाड्या आल्या होत्या. काही मिनिटांच्या वाटेला त्या दिवशी कित्येक तास लागले.

१९५५ साली ते पोलिसांत फौजदार झाले, आणि सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव लागले तेही २०१० मध्ये.

पण मिरवणूक संपल्यावर त्यांनी काय केले, ते मला जास्त मोलाचे वाटते. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, जिंकले, आणि त्या पैशातून खर्डीकर सरांचे घर सोडवून दिले.