पक्ष्यांची मोजणी करणारे डॉ. सलीम अली



सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच त्यांचे आईवडील वारले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना सांभाळले. साधारण माझ्याएवढे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही चिमणी कोणती ते मामांनाही सांगता येईना. म्हणून मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले.

ही संस्था १८८३ साली आठ जणांनी मिळून सुरू केली. ती सरकारी खातं नाही आणि नफ्याचं दुकान पण नाही. तिथल्या मिलार्डसाहेबांनी कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. तेव्हापासून सलीम अलींना पक्ष्यांचे वेडच लागले.

त्यांच्याजवळ मोठी पदवी नव्हती. म्हणून त्यांना सरकारी नोकरी मिळाली नाही. पुढे ते जर्मनीला जाऊन शिकून आले. पण आल्यावर हाताला काम नव्हते. तेव्हा १९३० साली ते अलिबागजवळ किहीमला राहिले. तिथे झाडावर सुगरणीचे खोपे होते. ते रोज बघत बसायचे आणि वहीत लिहायचे. त्यातून कळलं की खोपा नर विणतो. खोपा अर्धा झाला की मादी येऊन बघते. तिला पसंत पडला तरच तो पुरा करतो! १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांचे पुस्तक निघाले.

पण नुसती पुस्तके लिहून पक्षी वाचत नाहीत. राजस्थानात भरतपूरला मोठी पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात तिथे लांबून बदके येतात. संस्थेची माणसे पक्ष्यांच्या पायात नंबर घातलेले हलके वाळे अडकवायची. तसली बदके पुढे सायबेरियात सापडली. म्हणजे ती किती लांबून येतात याचा पुरावा मिळाला. स्वातंत्र्यानंतर ती जागा शेतीला द्या असे लोक म्हणत होते. सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंना समजावले आणि ती जागा वाचली.

केरळात सायलेंट व्हॅली नावाचे दाट जंगल आहे. तिथे विजेसाठी धरण होणार होते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या लोकांनी जंगलाचा आणि विजेचा हिशोब मांडून सगळ्यांना दाखवला. या परिषदेत शिक्षक पुष्कळ होते. सलीम अलींनीही धरण नको असे सांगितले. शेवटी धरण रद्द झाले आणि १९८४ साली ते जंगल राष्ट्रीय उद्यान झाले.

आता एक गोष्ट पालकांनी नक्की वाचावी. १९८२ साली भरतपूरच्या उद्यानात गुरे चारायला बंदी झाली. सलीम अलींना आणि संस्थेलाही वाटत होते की गुरांनी पक्ष्यांचे नुकसान होते. गावच्या लोकांनी विरोध केला. गोळीबार झाला आणि माणसे मेली. हे फार वाईट झाले. गुरांवरच त्यांची पोटं होती.

संस्थेने मात्र तिथली पाहणी सोडली नाही. दहा वर्षे मोजणी केली. तर दिसले उलटेच! म्हशी नाहीत म्हणून गवत माजले, पाणी झाकून गेले आणि बदकांना जागा उरली नाही. संस्थेने १९९१ साली तसा अहवाल दिला. आपलंच आधीचं मत चुकलं तरी लपवलं नाही. मला ही गोष्ट सगळ्यात आवडली. पण मोजणी आधी केली असती आणि गुराख्यांनाही विचारलं असतं तर ती माणसं वाचली असती असं मला वाटतं.

हा अहवाल यायच्या आधीच १९८७ साली सलीम अली वारले. सरकारने त्यांना पद्मभूषण आणि पद्मविभूषण दिले होते. १९७६ साली त्यांना परदेशातले मोठे बक्षीस मिळाले. त्यातला बहुतेक पैसा त्यांनी संस्थेलाच दिला.

मित्रांनो, तुमच्या विहिरीवर खोपे असतील तर काढू नका. किती आहेत ते मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. पुढच्या वर्षी परत मोजा. कमी झाले तर ग्रामपंचायतीत सांगायला आपल्याजवळ पुरावा राहील.

अशा या थोर पक्षीमित्रास माझा नमस्कार.

इयत्ता चौथी