अहिल्याबाईंचा नित्य हिशेब

जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांनी पती, सासरे आणि पुत्र यांच्या निधनानंतर १७६७ मध्ये माळव्याचा कारभार हाती घेतला. महेश्वरात त्यांना रोज जाब विचारणारे कोणी नव्हते. मात्र सत्तेच्या प्रत्येक वापराचा जाब ईश्वरापुढे द्यावा लागेल, ही त्यांची श्रद्धा होती. पहाटे उठणे, पूजा, पुराणश्रवण, दुपारी दरबारात रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकणे आणि रात्री पुन्हा कामकाज, हा त्यांचा नित्यक्रम होता. दौलत व खासगीचे हिशेब वेगळे ठेवून दानधर्म त्यांनी खासगीतून केला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये जन्मजिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले; त्यांची शिस्त अंगीकारणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.