विकासदर आणि निवृत्तीचे वय

चीनच्या आर्थिक झेपेविषयी राजधानीत चर्चा निघाली, की ती शेन्झेनच्या गगनचुंबी इमारतींवर जाऊन थांबते. ज्या डेंग झियाओपिंग यांच्या नावे हे श्रेय जमा होते, त्यांनी प्रथम हात घातला होता तो प्रशासनाला. १९७८ नंतर देशाची सूत्रे त्यांच्या हाती असली तरी राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान किंवा पक्षप्रमुख यांपैकी एकही पद त्यांनी कधी घेतले नाही.

सिचुआन प्रांतातील जमीनदार घराण्यात १९०४ साली जन्मलेले डेंग सोळाव्या वर्षी फ्रान्सला गेले. शिक्षणापेक्षा कारखान्यातील मजुरीच अधिक घडली आणि तेथेच ते कम्युनिस्ट झाले. पुढे मॉस्को, लाँग मार्च, यादवी युद्ध आणि १९५६ मध्ये पक्षाचे महासचिवपद. माओंच्या फसलेल्या महाझेपेने लक्षावधी माणसे उपासमारीने मेली. त्यानंतर लिऊ शाओची यांच्यासह अर्थव्यवस्था सावरण्याचे काम डेंग यांनी केले आणि नेमके तेच माओंना खुपले. सांस्कृतिक क्रांतीत पदच्युत झाल्यावर जिआंगशीतील ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कारखान्यात त्यांना फिटर म्हणून राबावे लागले. थोरला मुलगा याच काळात कायमचा अपंग झाला. १९७३ मध्ये ते परतले, १९७६ मध्ये पुन्हा दूर झाले आणि माओंच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये तिसऱ्यांदा उभे राहिले.

त्यांच्यापाशी विकासाचा तयार आराखडा होता, हा समज मात्र खरा नाही. शेतीतील सुधारणेची सुरुवात आन्हुई प्रांतातील शेतकऱ्यांनी चोरून केली होती. डेंग यांनी तिला अभय दिले आणि १९८४ पर्यंत कम्युन मोडीत निघाले. १९८० मध्ये चार विशेष आर्थिक क्षेत्रे जाहीर झाली. त्याच वर्षी आलेली महसुलाची नवी पद्धत तुलनेने कमी चर्चिली गेली. ठरलेला वाटा बीजिंगला दिल्यावर उरलेला महसूल प्रांताने स्वतःपाशी ठेवावा, अशी ही व्यवस्था; वेगळ्या चुली असेच तिचे टोपणनाव पडले. आपल्या हद्दीत कारखाना उभा राहण्यात स्थानिक सचिवाला एकाएकी रस निर्माण झाला, तो या चुलींमुळे. केंद्रीय योजनांच्या निधीवाटपाची कुरकुर रोज ऐकणाऱ्या आपल्या सचिवालयांना यातले मर्म वेगळे सांगायला नको.

परंतु तहहयात खुर्ची धरून बसलेल्या क्रांतिकारकांकडून हे काम होणार नव्हते. १९८२ मध्ये मंत्र्यांसाठी ६५ आणि उपमंत्र्यांसाठी ६० अशी वयोमर्यादा आली. ज्येष्ठांचा मान राखण्यासाठी केंद्रीय सल्लागार आयोग निघाला आणि त्याचे पहिले अध्यक्षपद डेंग यांनीच घेतले. त्याच वर्षीच्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षाला सलग दोनच मुदतींची मर्यादा घातली.

नियम करणारा मात्र नियमाबाहेर राहिला. हू याओबांग १९८७ मध्ये आणि झाओ झियांग १९८९ मध्ये हटवले गेले, ते निवृत्तीला आलेल्या वृद्धांच्या बैठकांतून. तिआनमेन चौकाभोवतीच्या आंदोलकांवर लष्कर धाडण्याचा निर्णयही याच वर्तुळाचा, आणि त्यात अखेरचा शब्द डेंग यांचा होता. त्यांच्या चरित्रातील हा डाग विकासदराच्या आकड्यांनी पुसला जात नाही.

त्यानंतर सुधारणाविरोधकांनी डोके वर काढले आणि वाढीचा दर चार टक्क्यांच्या आसपास घसरला. तेव्हा एकही शासकीय पद नसलेले ८७ वर्षांचे डेंग जानेवारी १९९२ मध्ये रेल्वेने दक्षिणेकडे निघाले. शेन्झेन, झुहाई, शांघाय अशा ठिकाणी त्यांनी स्थानिक अधिकाऱ्यांना धीर दिला आणि बीजिंगला गर्भित इशारा. त्या वर्षी वाढीचा दर १४ टक्क्यांवर गेला. सल्लागार आयोगही त्याच वर्षी बरखास्त झाला.

१९ फेब्रुवारी १९९७ रोजी डेंग यांचे निधन झाले. पुढे जियांग झेमिन आणि हू जिंताओ दोन मुदतींनंतर राष्ट्राध्यक्षपदावरून पायउतार झाले. मार्च २०१८ मध्ये शी जिनपिंग यांच्या काळात ही मर्यादा राज्यघटनेतून वगळण्याचा प्रस्ताव चीनच्या संसदेपुढे आला. बाजूने २,९५८ मते पडली, विरोधात २.