होमी भाभा आणि आठ दिवसांचं आयोडीन

होमी भाभा म्हटलं की आपल्याला अणुबॉम्ब नाहीतर अणुवीज आठवते. पण थायरॉइडच्या कॅन्सरवरचं एक औषध आपल्या देशातच का बनतं, याचं उत्तरही त्यांच्याच आयुष्यात सापडतं.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. घरच्यांचा बेत ठरलेला होता: मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागायचं. मुलाचा जीव मात्र फिजिक्समध्ये. वडिलांनी अट घातली, आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास हो, मग हवं ते शिक. १९३० मध्ये भाभांनी अट पुरी केली आणि फिजिक्सकडे वळले.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले आणि तिकडे महायुद्ध पेटलं. परत जाणं राहिलंच. बंगळूरला त्यांनी विश्वकिरणांवर काम केलं, १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेत 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनचं, पण आराखडा आणि बांधणी आपली.

भट्टीचा औषधाशी काय संबंध?

आपण खातो ते साधं आयोडीन म्हणजे आयोडीन-१२७. ते स्थिर असतं. औषधातलं आयोडीन-१३१ अणुभट्टीत बनवतात. टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा केला की टेल्युरियम-१३१ तयार होतं, आणि ते थोड्याच वेळात आयोडीन-१३१ बनतं. हेही टिकत नाही. त्याच्या केंद्रातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन (बीटा कण) बाहेर पडतो, सोबत गॅमा किरण निघतात, आणि उरतो झेनॉन. बीटा कण शरीरात फार तर दोन-तीन मिलिमीटर जातो आणि तेवढ्यातल्या पेशी मारतो. गॅमा किरण बाहेर येतात, त्यामुळे औषध कुठे पोचलं ते कॅमेऱ्यात दिसतं.

आता खरी गोम. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य, म्हणजे हाफ-लाइफ, साधारण आठ दिवस. आज शंभर भाग असेल तर आठ दिवसांनी पन्नास, सोळा दिवसांनी पंचवीस. ऐंशी दिवसांत दहा वेळा निम्मं होऊन १०२४ मधला एक भाग उरतो. फोन बंद ठेवला तर बॅटरी वाचते, इथे तसलं काही बटण नाही. वापरा नाहीतर ठेवा, ते संपतच जातं. म्हणून डब्यावर मात्रेसोबत तारीख आणि वेळही लिहावी लागते.

जे साठवताच येत नाही, ते परदेशातून मागवायचं तर प्रत्येक दिवसाच्या उशिराची किंमत मोजावी लागते. विमान चुकलं, कागद अडकले, तर पेशंटपर्यंत पोचणारं औषध कमी. स्वतःची अणुभट्टी असण्याचा अर्थ इथे कळतो. भाभा असतानाच, १९६२ मध्ये, परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे आलं आणि १९६३ मध्ये तिथे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. ट्रॉम्बे ते परळ हे अंतर काही तासांचंसुद्धा नाही.

हर्णेकरांची पंचाईत

आमचं गाव हर्णे. बंदरावर रोज माशांचा लिलाव, जेवणात मासळी ठरलेलीच. हा उपचार घेण्याआधी माझ्या आत्याला साधारण दोन आठवडे मासळी आणि आयोडीनचं मीठ बंद सांगितलं होतं. तिला ते औषधापेक्षा जड गेलं! कारण साधं आहे. थायरॉइडला १२७ आणि १३१ मधला फरक कळत नाही. समुद्राच्या माशांतून आयोडीन मिळत राहिलं, तर ग्रंथीचं पोट भरलेलं राहतं आणि औषध आत शिरत नाही.

हीच गोष्ट उलटी फिरली की घात होतो. १९८६ मध्ये चेर्नोबिलला हेच आयोडीन हवेत गेलं, गाईच्या दुधातून मुलांच्या पोटात उतरलं आणि पुढे अनेकांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. अपघातात आयोडीनच्या गोळ्या वाटतात त्या यासाठीच: ग्रंथी आधीच भरून ठेवायची.

२४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँ पर्वतावर एअर इंडियाचं विमान कोसळलं आणि भाभा गेले. वय अवघं ५६. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव मिळालं. १९८५ मध्ये तिथे 'ध्रुव' ही मोठी भट्टी सुरू झाली, आणि तिच्यात तयार होणारं आयोडीन-१३१ देशभरच्या हॉस्पिटलांना जातं. साठा करता येत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा बनवावंच लागतं.