अर्थशास्त्र शिकून पुढं काय? धनंजयराव गाडगीळांचं आयुष्य हेच त्याचं उत्तर आहे

बारावीचा निकाल लागतो. पोरगं घरी सांगतं, अर्थशास्त्रात पदवी करायची आहे. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ते शिकून पुढं करणार काय? फार तर बँकेत लागशील, नाहीतर कॉलेजात शिकवशील.

पण याच विषयाच्या जोरावर एक मराठी माणूस सरकारी खात्यात अधिकारी झाला, कॉलेजचा प्राचार्य झाला, संशोधन संस्थेचा संचालक झाला, साखर कारखान्याचा अध्यक्ष झाला, विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि शेवटी देशाच्या नियोजन आयोगाचा उपाध्यक्षही झाला.

त्यांचं नाव धनंजय रामचंद्र गाडगीळ.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना हे नाव गाडगीळ फॉर्म्युल्यामुळं पाठ असतं. बाकीच्यांचा मात्र नावात गोंधळ होतो. नेहरूंच्या मंत्रिमंडळातले काकासाहेब गाडगीळ वेगळे. पश्चिम घाटाच्या अहवालामुळं गाजलेले माधव गाडगीळ हे धनंजयरावांचे चिरंजीव.

नागपूर ते केंब्रिज

धनंजयरावांचा जन्म 10 एप्रिल 1901 चा, नाशिकचा. शाळा नागपुरात झाली. पुढच्या शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात दाखल झाले. केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम 1903 मध्ये आल्फ्रेड मार्शल यांच्या पुढाकारानं सुरू झाला होता. म्हणजे स्वतंत्र पदवीचा विषय म्हणून अर्थशास्त्र तेव्हा तिथंही तसं नवंच होतं.

शिकायला इंग्लंडमध्ये असले तरी धनंजयरावांनी प्रबंधासाठी विषय निवडला भारताचा. रेल्वे आली, कापूस परदेशी जाऊ लागला, गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा इथल्या शेतकऱ्याचं आणि कारागिराचं नेमकं काय झालं, हे त्यांनी तपासलं. भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचं हे पुस्तक 1924 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं छापलं. तेव्हा लेखकाचं वय होतं 23 वर्षं. पुढं कित्येक पिढ्या विद्यार्थ्यांनी भारताचा आर्थिक इतिहास या पुस्तकातून वाचला.

सरकारी खुर्ची सोडली

भारतात परतल्यावर त्यांना मुंबई सरकारच्या अर्थखात्यात जागा मिळाली. त्या काळात सरकारी नोकरी म्हणजे आयुष्याची ददात मिटली. पण धनंजयराव तिथं जेमतेम वर्षभर रमले. 1925 मध्ये ते सुरतच्या एमटीबी कॉलेजचे प्राचार्य झाले.

1930 मध्ये पुण्यात एक नवी संस्था निघाली. रावबहादूर रा. रा. काळे यांनी देणगी दिली आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. पहिले संचालक म्हणून धनंजयरावांना बोलावणं आलं. ते 1966 पर्यंत, म्हणजे तब्बल 36 वर्षं त्या पदावर राहिले.

आधी मोजा, मग बोला

गोखले संस्थेनं त्या काळात कशावर अभ्यास केला ते बघा. पुण्याच्या बाजारात फळं कशी येतात आणि मधे किती हात लागतात. मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांत मोटारबसचा धंदा कसा चालतो. वाई तालुक्यातल्या शेतकऱ्याला शेती परवडते का. पुणे शहरातली कुटुंबं किती कमावतात आणि कशी राहतात.

आज अशा पाहण्या रोज वाचायला मिळतात. पण तेव्हा शेतकरी गरीब का, या प्रश्नावर भाषणं भरपूर व्हायची आणि आकडे कुणाकडंच नसायचे. धनंजयरावांनी माणसं दारोदार पाठवली, हिशेब लिहून घेतले आणि मगच निष्कर्ष काढले.

या सवयीचा मोठा उपयोग झाला तो शेतीकर्जाच्या प्रश्नात. रिझर्व्ह बँकेनं 1951-52 मध्ये देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. ती चालवणाऱ्या समितीत धनंजयराव होते. शेतकरी वर्षभरात जेवढं कर्ज काढत होता, त्यातलं सुमारे 70 टक्के सावकारांकडून येत होतं. सहकारी संस्थांचा वाटा होता फक्त 3 टक्क्यांच्या आसपास आणि व्यापारी बँकांचा तर 1 टक्काही नव्हता.

या आकड्यांमुळं वाद मिटला. सहकारी पतपुरवठ्यात सरकारनं स्वतः भांडवल घालायचं, हे धोरण याच पाहणीतून पुढं आलं.

प्राध्यापक साखर कारखान्यात

याच सुमाराला नगर जिल्ह्यातल्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना काढायच्या मागं लागले होते. प्रवरेच्या कालव्याला पाणी होतं, ऊसही होता. पण गुळाचा भाव पडला की शेतकरी बुडायचा आणि साखर कारखाने होते खासगी मालकांचे.

विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं. कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजला शिकलेला प्राध्यापक आणि लोणीचा शेतकरी, अशी ही जोडी. महाराष्ट्रातला हा पहिला सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला. नियम साधा होता. शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत.

पुढं याच वाटेनं राज्यात कारखाने उभे राहिले, त्यांच्याभोवती शाळा, कॉलेजं, दवाखाने आले. त्यातले काही राजकारणाचे अड्डे झाले, काही कर्जात बुडाले, हेही खरं. पण ऊस पिकवणारा कारखान्याचा मालक होऊ शकतो, हे प्रवरेनं करून दाखवलं.

दिल्लीतली शेवटची इनिंग

1966 मध्ये धनंजयराव पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले. 1967 मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. गंमत म्हणजे, त्याआधी कित्येक वर्षं ते सरकारी नियोजनावर सडकून टीका करत आले होते.

तोवर केंद्राची मदत राज्यांना वाटण्याचं एक ठरलेलं सूत्र नव्हतं. धनंजयरावांच्या काळात ते ठरलं. मदतीतला 60 टक्के वाटा लोकसंख्येवर. उरलेले चार वाटे प्रत्येकी 10 टक्क्यांचे. एक सरासरीपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या राज्यांना, एक करवसुलीच्या प्रयत्नांवर, एक चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांसाठी आणि एक राज्यांच्या खास अडचणींसाठी. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज आधी बाजूला काढायची. हाच तो गाडगीळ फॉर्म्युला. दिल्लीच्या मर्जीची जागा नियमानं घेतली.

1969 मध्येच त्यांच्या अभ्यासगटानं जिल्हा हा घटक धरून बँकांनी काम करावं असं सुचवलं. त्यातून लीड बँक योजना आली. आजही प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक असते, ती यामुळंच.

1971 मध्ये त्यांनी आयोग सोडला. 3 मे 1971 ला दिल्लीहून पुण्याला परतताना रेल्वेतच त्यांचं निधन झालं.

मग आज अर्थशास्त्र घेतलं तर?

धनंजयरावांनी चाललेल्या जवळपास सगळ्या वाटा आज जास्त रुंद झाल्या आहेत. पदवीनंतर बँका आणि स्पर्धा परीक्षा खुल्या होतात. पदव्युत्तर पदवी घेतली तर 1961 मध्ये सुरू झालेली भारतीय आर्थिक सेवा, रिझर्व्ह बँकेतला संशोधन विभाग आणि प्राध्यापकी असे पर्याय येतात. गणित आणि संख्याशास्त्र पक्कं असेल तर आकड्यांचं विश्लेषण करणाऱ्या खासगी कंपन्याही दार उघडतात. गणिताला घाबरून अर्थशास्त्र घेणाऱ्यांची मात्र पुढं अडचण होते.

पण नुसत्या पदवीनं धनंजयराव घडले नाहीत. पुस्तकात शिकलेलं त्यांनी वाईच्या शेतात आणि पुण्याच्या फळबाजारात नेऊन तपासलं, आणि जे आढळलं त्यावर संस्था उभ्या केल्या. त्यामुळं घरच्यांनी पुढं काय करणार असं विचारलं, तर नोकऱ्यांची यादी जरूर सांगा. पण या पाच-सहा खुर्च्यांवर बसलेला माणूस प्रत्येक वेळी एकच काम करत होता, तेही सांगा. आधी मोजायचं, मग बोलायचं आणि नंतर ते करून दाखवायचं.