मन साठवून ठेवणारं शहर लिहिणारे आर्थर क्लार्क

भांडगावावरून पुणे-सोलापूर हायवेने जाताना घरांच्या पत्र्यांवर डिशच्या छत्र्या दिसतात. जवळपास सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच उपग्रह ठेवून जगभर संदेश पोचवता येतील, हे १९४५ मध्ये सविस्तर मांडलं आर्थर सी. क्लार्क यांनी. पेटंट काही घेतलं नाही. पुणे जिल्ह्यातल्याच आर्वीला १९७१ मध्ये सुरू झालेलं उपग्रह केंद्र याच कल्पनेवर उभं राहिलं.

पण आज विषय वेगळाय. गेलेल्या माणसाचा चेहरा आणि आवाज एआयने परत आणल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. याच्या कितीतरी पुढची गोष्ट, म्हणजे अख्खं मनच कॉम्प्युटरमध्ये साठवणं, क्लार्क यांनी १९५६ मध्ये लिहून ठेवली होती.

जन्म १९१७, इंग्लंडमधलं माइनहेड. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात रडारवर काम. पुढे समुद्रात डुबक्या मारायच्या नादाने १९५६ मध्ये सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत आले आणि तिथलेच झाले.

त्याच वर्षी ‘द सिटी अँड द स्टार्स’ ही कादंबरी आली. आयबीएमची पहिली हार्ड डिस्कही त्याच वर्षीची, आणि तिच्यात मावायची फक्त ५० लाख अक्षरं. कादंबरीत मात्र डायास्पर नावाचं अख्खं शहर मशीनच्या मेमरीत आहे. माणसं हजारेक वर्षं जगतात, कुठल्या आठवणी ठेवायच्या ते निवडतात आणि मेमरीत परत जातात. युगं लोटल्यावर नवं शरीर घेऊन बाहेर येतात. कुणी कायमचं मरत नाही, कुणाला मूलही होत नाही. नायक अल्विन आधी कधीच जगलेला नसतो. तो शहराबाहेर पडतो आणि लिसला पोचतो. तिथे लोक म्हातारे होतात, मरतात, लेकरं वाढवतात. अमर शहर यातलं बरंच काही हरवून बसलंय, हे अल्विनला तिथे कळतं.

१९९७ च्या ‘३००१’ मध्येही क्लार्क यांनी एका अंतराळवीराचं आणि एका कॉम्प्युटरचं मन एकत्र केलं. म्हणजे कल्पना शेवटपर्यंत सुटली नाही.

मधल्या काळात, १९७७ मध्ये, त्यांचा जिवलग मित्र लेस्ली एकनायके मोटरसायकल अपघातात गेला. १९७९ ची ‘द फाउंटन्स ऑफ पॅरडाइज’ त्यांनी त्यालाच अर्पण केली.

१९ मार्च २००८ ला, वयाच्या ९० व्या वर्षी क्लार्क गेले. कुठल्याच धर्माचे विधी नकोत, असं लिहून ठेवलं होतं. कोलंबोच्या दफनभूमीत लेस्लीच्या शेजारी त्यांना पुरलं.